पांढरं म्हणजे नेमकं कुठलं?

आमच्या गटाच्या गेल्या बैठकीत वाद झाला. वार्षिक शिबिरात दोन तासांचं चित्रकलेचं सत्र ठेवावं, असं मी सुचवलं होतं. विषयही सांगितला होता : पांढरी फुलं. एक मैत्रीण म्हणाली, "कायद्याच्या सत्राला वेळ पुरत नाही, रेशनचा विषय गेल्या वर्षी राहून गेला, आणि आपण फुलं काढत बसायचं?" दुसरी म्हणाली, "जिला काल रात्री मार बसलाय तिला काय सांगणार, मोगरा रंगव म्हणून?" तिसरीनं माझी बाजू घेतली, पण तिचं बोलणं मला विरोधापेक्षा जास्त खुपलं. ती म्हणाली, "असू दे गं, बायकांना जरा विरंगुळा."

विरंगुळ्यासाठी मी हे सत्र मागत नाही. कशासाठी मागते आहे ते बैठकीत मला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी नोकरी संपली. शाळेत असताना मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. इंटरमिजिएटच्या वर्षी घरात आजारपण निघालं आणि रंगांची पेटी बंद झाली ती झालीच. इतक्या वर्षांनी पुन्हा जलरंग घेतले आणि घराजवळच्या एका वर्गाला रविवारी जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पांढरा रुमाल पसरला, त्यावर पांढरी बशी, बशीत मोगऱ्याची तीन फुलं, आणि म्हणाल्या, काढा.

मला हसू आलं. पांढऱ्यावर पांढरं, त्यात रंगवायचं काय? पेन्सिलीनं पाकळ्यांच्या रेघा काढल्या, आत कोरा कागद सोडला, देठाला हिरवा लावला आणि दहा मिनिटांत वही पुढे केली. बाईंनी विचारलं, "यात फूल कुठे आहे?" फूल नव्हतंच. फुलाचा नकाशा होता.

त्यांनी मला फुलांपासून उठवलं आणि महिनाभर नुसत्या पट्ट्या करायला लावल्या. एका टोकाला कोरा कागद, दुसऱ्या टोकाला काळा, मध्ये आठ घरं, प्रत्येक घर आधीच्यापेक्षा थोडं गडद. चित्रकार याला टोन म्हणतात. ऐकायला बालवाडीचा अभ्यास वाटतो. माझी पहिली तीन घरं जमायची, शेवटची तीन जमायची, मधली चार एकसारखीच. मग ती पट्टी हातात धरून घरातल्या वस्तूंशी ताडून पाहायची. डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडून त्यातून एकाच जागेकडे पाहायचं, म्हणजे वस्तू कोणती ते कळत नाही, फक्त तिची छटा कळते.

त्या भोकातून मी पहिल्यांदा मोगऱ्याची सावलीतली पाकळी पाहिली आणि मग खिडकीबाहेर उन्हात वाळत घातलेली काळी छत्री पाहिली. छत्री उजळ होती. पाकळी गडद होती. मी पुठ्ठा खाली घेतला, पाकळी पुन्हा पांढरी झाली. पुठ्ठा वर, पुन्हा राखाडी. असं पाच-सहा वेळा केलं. एकसष्टाव्या वर्षी आपल्याला दिसत नव्हतं हे समजणं फार सुखाचं नसतं.

यात माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता. एडवर्ड ॲडेल्सन या शास्त्रज्ञानं १९९५ मध्ये एक चित्र केलं, ते पुढे फार प्रसिद्ध झालं. बुद्धिबळाचा पट, त्यावर एका नळकांड्याची सावली. सावलीतलं पांढरं घर आणि सावलीबाहेरचं काळं घर छापलेलं असतं अगदी एकाच राखाडी छटेत, पण बघणाऱ्याला एक पांढरं आणि एक काळंच दिसतं. सांगितल्यावरही दिसतं. मेंदू सावलीचा हिशोब परस्पर वजा करतो आणि आपल्याला वस्तूचा 'खरा' रंग कळवतो. रोजच्या जगण्याला ते सोयीचंच आहे, नाहीतर संध्याकाळी दूध निळसर दिसतं म्हणून आपण ओतून दिलं असतं. पण चित्र काढायला बसलं की हीच सोय आड येते. 'मोगरा पांढरा असतो' हे इतकं पाठ असतं की समोरचा मोगरा दिसायचा थांबतो.

जलरंगात तर आणखी एक पेच आहे. तिथे पांढरा रंग वापरायचाच नाही असा जुना शिरस्ता आहे, कागद हाच पांढरा. म्हणजे फूल रंगवायचं नसतं, फुलाच्या मागचं, खालचं, बाजूचं सगळं रंगवायचं, आणि फुलापुरती जागा राखायची. एकदा रंग लागला की तो उजेड परत येत नाही. आणि राखलेल्या जागेतही कोरं राहतं ते फार थोडं, तीन फुलांत मिळून नखाएवढं. बाकीच्या पाकळ्यांवर बशीची थोडी निळसर झाक, पानाची हिरवट, माझ्या साडीची तांबूस. पांढऱ्याला स्वतःचं असं फार काही नसतं. पाकळीत पांढरा रंग नसतोच मुळी. पेशींच्या मधल्या हवेमुळे उजेड विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते. पाकळी चिमटीत दाबली की हवा निघून जाते आणि ती पाणचट होते, हे गजरा चुरगळलेल्या प्रत्येकीनं पाहिलेलं आहे.

आता विरंगुळ्याबद्दल. फुलं काढणं हे बायकांचं मन रमवायचं काम, हे काही आमच्या मैत्रिणीनं शोधून काढलेलं नाही. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये निघाली तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. मोझर फुलांची चित्रं काढी. त्यानंतर चारेक वर्षांत झोफनी या चित्रकारानं अकादमीच्या सभासदांचं समूहचित्र केलं. पुरुष सभासद नग्न मॉडेलभोवती जमलेले आहेत आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींमध्ये आहेत. कारण मॉडेल नग्न, तिथे बाईनं कसं असायचं? ज्यांना माणसाचं शरीर पाहून शिकण्याची बंदी, त्या फुलांकडे वळल्या, आणि मग फुलं हलकी ठरली. अकादमीला पुढची पूर्ण सभासद स्त्री मिळाली, लॉरा नाइट, ती १९३६ मध्ये. आधी दार लावायचं आणि मग म्हणायचं, बायकांना फुलंच आवडतात. ही चाल आपल्याला अनोळखी नाही.

पण आपलंही एक सांगितलं पाहिजे. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीनं १९३२ मध्ये पांढऱ्या धोत्र्याचं एक मोठं चित्र केलं. तोच धोत्रा, आपण महादेवाला वाहतो त्याच्या गोतातला. न्यू मेक्सिकोत तिच्या घराभोवती तो माजलेला असे. २०१४ मध्ये हे चित्र लिलावात ४.४४ कोटी डॉलरला गेलं. स्त्री चित्रकाराच्या कामाला तोवर इतकी किंमत कधी आली नव्हती. तिच्या फुलांत स्त्रीचे अवयव आहेत असं समीक्षक पुरुषांनी सांगितलं, ते तिनं जन्मभर नाकारलं. सत्तरच्या दशकात स्त्रीवादी कलावंतांनीही तिच्या फुलांत तेच पाहिलं, फक्त या वेळी कौतुकानं. जूडी शिकागोच्या 'द डिनर पार्टी'त तिच्यासाठी एक ताट मांडलं गेलं. ओकीफनं त्यांनाही दाद दिली नाही. मला जूडी शिकागोचं काम आवडतं, त्यामुळे हे लिहिताना जरा जड जातं. पण मी त्या धोत्र्याचं छापील चित्र पट्टीशी ताडून पाहिलं. पाकळीच्या घडीत हिरवट राखाडी कुठे संपते आणि कोरा उजेड कुठे सुरू होतो, हे त्या बाईनं तासन् तास पाहिलेलं आहे. तेवढं तरी आपण आधी पाहायला हवं होतं.

माझी चित्रं सहा महिन्यांनी बरी दिसू लागली. एका संध्याकाळी वही पिशवीत होती आणि स्टेशनबाहेरच्या गजरेवालीकडे मी कळ्या घ्यायला थांबले. तिला सगळे मावशी म्हणतात. वयानं ती माझ्याहून लहानच असेल. (मावशी म्हणायचं आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करायची, ही आपली रीत.) कळ्या कशाला, असं तिनं विचारलं म्हणून मी वही दाखवली. तिनं हात पुसले, वही ट्यूबलाइटखाली धरली आणि म्हणाली, "ताई, ही कळी शिळी काढलीत की."

"शिळी कशावरून?"

"बुडाशी पिवळी पडलीय. असली कळी मी गजऱ्यात घेत नाही. रात्रीपर्यंत तपकिरी होते."

मी म्हटलं, ती सावली आहे.

"सावली अशी नसते. कळी फिरवली की सावली सरकते. हे मुरलेलं आहे." आणि तिनं ओल्या फडक्यावरची एक कळी उचलून दोन बोटांत फिरवून दाखवली. सावली सरकली. तिच्यात पिवळा कुठेच नव्हता. ट्यूबखाली ती निळसर होती, आणि बाजूला मरव्याची जुडी होती तिथे हिरवट.

मी सावलीसाठी पिवळा गेरू आणि काळा मिसळत होते. बाईंनी दोनदा सांगूनही ते डोक्यात शिरलं नव्हतं. गजरेवालीनं एका वाक्यात सांगितलं. घरी येऊन निळा आणि तांबूस यांचा पातळ राखाडी केला आणि पहिल्यांदा कळी ताजी आली.

नंतर मी तिच्याकडे बसू लागले. ती पहाटे दादरच्या फूलबाजारात जाते. दिव्याच्या उजेडात, गर्दीत, पाणी मारलेल्या ढिगातून तिला कळी पारखायची असते. कच्ची कळी हिरवट पांढरी, ती उमलतच नाही. आज रात्री उमलणारी टपोरी. कालची कळी पाणी मारलं तरी चमकत नाही. पावसात भिजलेली काचेसारखी दिसते, ती सगळ्यात आधी काळी पडते. चार पांढरे झाले हे, आणि तिनं मला आणखी दाखवले, त्यातले दोन मला अजूनही ओळखता येत नाहीत. सासूनं शिकवलं, म्हणाली. सहा महिने बोलणी खाल्ली तेव्हा डोळा बसला. चुकीचा वाटा घेतला तर त्या दिवसाची कमाई गेली. माझ्या पट्टीच्या मधल्या चार घरांवर एवढा ताण कधी नव्हता.

किमान वेतनाच्या तक्त्यात कामांची कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी प्रतवारी असते. फुलं निवडून ओवणाऱ्या बाईला कुठल्या रांगेत बसवाल, असं मी आमच्याच गटात विचारलं. चौघींपैकी तिघी पटकन म्हणाल्या, अकुशल. त्यांना दोष देत नाही, सहा महिन्यांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. बाईच्या हाताला आपण निदान 'सफाई' तरी म्हणतो. तिच्या डोळ्याचं काम मात्र मोजायला कुठलाही रकाना नाही.

आणि आत्या. माझी आत्या ऐन विशीत विधवा होऊन आमच्याकडे आली आणि मरेपर्यंत राहिली. अंगणात मोगरा होता. उन्हं उतरली की ती कळ्या खुडायची, ओल्या फडक्यावर पसरायची आणि आम्हा सगळ्या मुलींचे गजरे ओवायची. स्वतः एक कळी कधी माळली नाही. ही गोष्ट मी गेली वीस वर्षं भाषणांतून सांगत आले आहे : पांढऱ्या पातळातली माझी आत्या, पांढरे गजरे ओवणारी. सभागृह गप्प व्हायचं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून तो इतरांपुढे ठेवला, तेव्हा आमच्या सभेत मी पुन्हा तेच सांगितलं.

गेल्या वर्षी आत्याचं चित्र काढायला घेतलं. पातळाच्या घड्या जमेनात, म्हणून मोठ्या बहिणीला फोन केला, तिच्या अंगावर पदर कसा असायचा ते विचारायला. ती म्हणाली, "पांढरं कुठलं गं? पांढरं तिनं कधीच नेसलं नाही. एक राखी होतं, एक मोतिया, आणि ते फिकट हिरवं, शिवणाच्या पैशातून स्वतः जाऊन आणलेलं. आजी महिनाभर बोलत नव्हती तिच्याशी."

मी दहा-बारा वर्षांची होते, ते हिरवं पातळ मी नक्कीच पाहिलं असणार. पण विधवा म्हणजे पांढरं हे मला ठाऊक होतं. आजीनं महिनाभर अबोला धरला तरी आत्यानं जे सोडलं नाही, ते मी वीस वर्षं व्यासपीठावरून पुसत होते, आणि तेही तिच्या बाजूनं बोलताना.

मला धास्ती वाटते ती इथे. मथुरा प्रकरणातल्या निकालानंतर १९८० मध्ये आपल्या आधीच्या मैत्रिणी रस्त्यावर उतरल्या, कारण न्याय मागणारी बाई आधी निष्कलंक असली पाहिजे हा आग्रह त्यांना मान्य नव्हता. पीडित बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवायची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं १५५(४) हे पोटकलम २००२ च्या दुरुस्तीनं गेलं. आणि आमच्या केंद्राच्या नोंदवहीत? मी जुन्या नोंदी काढून वाचल्या, अक्षर माझंच. आलेली प्रत्येक बाई सोशिक. तिनं उलट हात उचलला, कर्ज काढून नवऱ्यापासून लपवलं, सुनेशी ती स्वतः वाईट वागते, असलं काही तिनं सांगितलेलं आठवतं, पण कागदावर नाही. समोरचा वकील तेच शोधून आणतो आणि मग आपण चकित होतो. रागावू नका, पण आपणही आपल्या बायकांना कोऱ्या कागदावर नुसत्या रेघेनं काढतो.

पट्ट्या केल्यानं नोंदवह्या सुधारतील असं मी म्हणत नाही. मला अजून तीन फुलं धड येत नाहीत. मार खाल्लेल्या बाईला मोगरा रंगवून बरं वाटेल, असंही नाही. चित्रकलेनं ताण हलका होतो वगैरे आता सगळीकडे ऐकू येतं, त्याचा मला कंटाळा आहे. माझी मागणी एवढीच आहे की कार्यकर्त्यांनी, आधी आपण, दोन तास एका जागी बसून एक वस्तू पाहावी, आणि जे ठाऊक आहे ते आणि जे दिसतं ते यांत किती अंतर पडतं हे पट्टी लावून मोजावं. पुठ्ठे मी आणीन, भोकं पाडून. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करूनही हे कळतं, पण आधी डोळ्यांनी करू.

सत्र गजरेवालीनं घ्यावं असं मी कार्यकारिणीला कळवलं आहे. वकील मैत्रिणीला आपण साधनव्यक्ती म्हणून जे मानधन देतो, तेवढंच तिला. खजिनदारांनी विचारलं आहे की हे कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, फुलांच्या खर्चात का? त्यावर अजून निर्णय नाही. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लग्नसराईत जमणार नाही, एक दिवस बसले तरी नुकसान होतं, आषाढात ठेवा. मग थोडा विचार करून म्हणाली, "कळ्या मी आणू की तुम्ही? तुम्ही आणणार असाल तर मला आधी दाखवा."